सरपंचांच्या घरी गेलेली मोरीची टोपली

ज्या माणसाने माझ्या बापाला भर ग्रामसभेत चोरासारखं उभं केलं, तो माणूस आज पहाटे गेला.

आमचे गुरुजी.

सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेले फोटो येतायत. "निःस्पृह", "देवमाणूस" वगैरे.
असेल बाई. मला जे माहीत आहे ते मी लिहिते.
चष्मा लावून स्वतः टाइप करतेय, चुका झाल्या तर हसू नका.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव दांडीच्या अलीकडे, किनाऱ्यावर. तारापूरला अणुवीज केंद्राचं मोठं काम निघालं होतं, बोईसरला ट्रक आणि परके लोक. कुणी नवा शर्ट घातला तरी गाव विचारायचं, "कुठून आला रे?"

गुरुजी तेव्हा जेमतेम पंचविशीचे, शाळेवर नवीन. त्यांनी गावात जमाखर्च मंडळ काढलं.
काम एकच. पंचायतीचं बजेट ग्रामसभेआधी मारुतीच्या देवळात मोठ्याने वाचायचं, आणि पैसा कशाला हवा, कशाला नको ते विचारायचं.
नियम एकच. कुठल्याही पक्षाचा माणूस मंडळात नको.

झालं! हे म्हणायचे, मंडळ त्यांचं. ते म्हणायचे, मंडळ यांचं.

माझे बाबा, दामू तांडेल, मंडळात पहिल्या दिवसापासून. होडीचा नाखवा माणूस, सही करताना घाम फुटायचा. पण म्हणायचे, "आमचा पैसा हाय, आमी नाय इचारायचं तर कोणी?"

त्या वर्षीच्या बजेटात दोन मोठी कामं होती.
एक, कुणीतरी पुढारी येणार म्हणून गावाच्या तोंडाशी स्वागताची कमान.
दुसरं, मासे सुकवायला सिमेंटचा ओटा. तो आमच्या खालच्या वाडीत, अगदी आमच्या घरासमोर धरलेला.

आईला त्या ओट्याचं वेडच लागलं होतं. जवळा, मांदेली सगळं वाळूवर सुकायचं. सफाळ्याच्या बाजारात बाया मूठभर सुकट हातात घेऊन चोळायच्या आणि म्हणायच्या, "रेती विकतेस का गो?"
आई घरी येऊन उरलेली सुकट पुन्हा पुन्हा पाखडत बसायची.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी आईने सरपंचांच्या घरी टोपली धाडली. मोरीची.
मोरी म्हणजे छोटी मुशी, शार्कच्या जातीची. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिचं कालवण देतात. सरपंचांची लेक माहेरी बाळंत झाली होती. घर कुणाचं ते आमच्यात बघत नाहीत. बाळंतीण आहे ना, मग मोरी जाते.
टोपली बाबा घेऊन गेले. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. मी सतरा-अठराची, आईबरोबर मागे बसलेले.
गुरुजी उठले. मला वाटलं, आता कमानीवर बोलणार.

"दामूभाऊ, काल सरपंचांच्या घरी टोपली कसली नेलीत?"



बाबा उभे राहिले. "पोर बालंत हाय त्यांची. मोरी दिली."

मागून कोणीतरी ओरडलं, "बालंतीन पन सरपंचाचीच गावली!"
सगळे हसले. माझी आई सोडून.

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "दामूभाऊ मंडळात आहेत आणि ओटा त्यांच्या दारात होतोय. हे बरं दिसत नाही. ओटा वरच्या वाडीत व्हावा."
आणि लगेच सरपंचांकडे वळले. "आता कमानीचं सांगा. कमानीवर काय सुकवणार आहात?"

कमान रद्द झाली. त्या पैशातून शाळेवर कौलं चढली. ओटा वरच्या वाडीत झाला.
आई मरेपर्यंत वाळूवरच सुकवत राहिली.

बाबा परत मंडळात गेले नाहीत. आमच्या घराला नाव पडलं, "टोपलीवाले". माझं लग्न ठरताना सासरच्यांनीसुद्धा हळूच विचारलं, "ते टोपलीचं काय होतं?"
बाबा ते नाव घेऊनच गेले.

मग मी काय केलं? गुरुजींवर पाळत ठेवली. आयुष्यभर!
पालघरला घर बांधलं, म्हटलं सिमेंट कुठून आलं? मुलगा नोकरीला लागला, म्हटलं कोणाची चिठ्ठी? चार जणांकडे चौकशी केली.
काही म्हणजे काही सापडलं नाही. जळफळाट नुसता.

मागच्या दिवाळीत भेटायला गेले. अंथरुणावरच होते. ओळखलं.
मी सरळच विचारलं. "गुरुजी, मोरी बाळंतिणीला देतात, हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ना?"

मला वाटलं, नव्हतं म्हणतील. मीही सोडून देईन.

"माहीत होतं गं वत्सला. तुमच्यात राहत होतो, एवढं कळणार नाही?"


"मग बाबांना का उभं केलंत?"

"आपल्या माणसाला विचारलं नसतं, तर सरपंचाला कोणत्या तोंडाने विचारणार होतो?"

"हे बाबांना कधी सांगितलंत?"


"नाही. धीर झाला नाही."

साऱ्या गावाला जाब विचारणारा माणूस! आणि खालच्या वाडीत, आमच्या दारात यायला घाबरला. बाबा नंतर वीस-बावीस वर्षं होते हो. ओसरीवर जाळी विणत बसलेले असायचे.

मला खूप राग आला. आजही आहे. आणि सकाळपासून डोळ्याचं पाणीही थांबत नाही, हेही खरं.

गुरुजी, तिकडे बाबा भेटतील.
आधी त्यांच्याजवळ बसा आणि मला सांगितलंत ते त्यांना सांगा.
मग हवं तर देवाचं बजेट वाचायला घ्या.

नमस्कार करते. या आता.