बाजारात फिरलेले बूट

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. घोट्यापर्यंत येणारे तपकिरी चामडी बूट कुणाच्या पायात दिसले तरी पुरे होतं.

मी तेव्हा नाशिकच्या पश्चिमेला, हरसूलकडच्या डोंगराळ भागात एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली होती. ठाण्यात माणसं कमी, गुन्हे त्याहून कमी, आणि पर्यटक मात्र दर शनिवार-रविवारी वाढत चाललेले. भाद्रपद संपत आला की तिथलं पठार सोनकीनं पिवळं होतं, उतारावर तेरडा फुलतो, धबधबे अजून आटलेले नसतात. डोंगर असा सजला की नाशिकहून गाड्यांची रांग लागते. त्यातली बरीच मंडळी डोंगर पाहायला येतात आणि स्वतःचे फोटो घेऊन जातात.

त्या वर्षी पठाराच्या टोकाला एक नवा 'पॉइंट' तयार झाला होता. लोखंडी कठडा, रंगीत बाकं आणि सिमेंटची दोन हरणं. खरं हरिण त्या जंगलात कुणी पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आठवड्याभरात उद्घाटन होतं, आणि ठाण्याची निम्मी शक्ती त्याच्या तयारीत गुंतलेली होती.

अशा शनिवारी दुपारी चारच्या सुमारास देवळाली कॅम्पच्या एक बाई ठाण्यात आल्या. साठीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचे यजमान तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार, वय सहासष्ट. दोघं सकाळी स्वतःच्या गाडीनं पॉइंटवर आले होते. जेवण झाल्यावर सुभेदार दुर्बीण घेऊन "अर्ध्या तासात पक्षी बघून येतो" म्हणून गेले, त्याला तीन तास झाले होते.

"भांडण वगैरे झालं होतं का?" मी विचारलं. हा प्रश्न विचारावाच लागतो.

"रोजचं झालं होतं. डबा कुठं उघडायचा यावरून. तेवढ्यासाठी कुणी कड्याकडे जात नाही, साहेब."

"तब्येत?"

"ब्लडप्रेशर आहे. गोळ्या गाडीतच ठेवून गेले, मी घेऊन आलेय." एवढं बोलून त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली, जणू ती आता माझी जबाबदारी होती. आणि होतीच.

मिसिंगची नोंद केली, स्टेशन डायरी लिहिली, वायरलेसवर वर्णन दिलं. मोबाईलचं शेवटचं लोकेशन मिळालं, पण तिथं एकच टॉवर अख्खा डोंगर सांभाळतो. म्हणजे सुभेदार डोंगरावर होते एवढंच कळलं. ते आम्हाला आधीच माहीत होतं.

रविवारी दिवसभर शोध घेतला. कुठं, तर पॉइंटच्या आसपास. गाडी तिथं उभी होती, कठडा तिथं होता, दरी तिथं होती, आणि बातमीदारही तिथंच होते. कुणीतरी ड्रोन आणला. वरून एका वरिष्ठांचा फोन आला. "कठड्यावरून पडला असं निघायला नको. पाहुणे येणार आहेत."

"पडला नसावा अशीच माझीही इच्छा आहे, सर," मी म्हणालो. आमच्या दोघांच्या इच्छांची कारणं वेगळी होती, पण फोनवर तेवढं कळत नाही.

सोमवारी ठाण्याच्या गावात आठवडी बाजार असतो. साडेदहाच्या सुमारास भज्यांचा गाडीवाला धापा टाकत आला. हा माणूस आम्हाला अधूनमधून खबरा द्यायचा. त्यांतल्या निम्म्या खोट्या निघायच्या, पण भजी बरी असायची.

"साहेब, पाड्यावरचा एक गडी बाजारात बूट विकतोय. भारी बूट. गळ्यात दुर्बीण हाय. बिनधास्त फिरतोय."

हवालदारानं पाच मिनिटांत त्या गड्याला आणून उभं केलं. पन्नाशीचा भात-नागलीचा शेतकरी, अंगावर धुतलेला पांढरा सदरा, बाजारासाठी घातलेला. एका काठीला नाडीनं अडकवलेले बूट त्यानं निशाणासारखे उंच धरले होते. रीतसर अंगझडती झाली. त्याची करगोट्याची चावी, तंबाखूची पिशवी आणि पायातल्या रबरी चपला काढून ठेवल्या. संशयिताच्या वस्तू काढून घ्यायच्या असतात. मी त्याला जमिनीवर बसवलं.

"कुठून आणलं हे?"

"सापाडलं."

"कुठं?"

"देवाच्या रानाला."

"कुणाचं आहे?"

"त्येच तर इचारतोय मी."

हे उत्तर मला उद्धट वाटलं. पस्तीस वर्षांत मी उद्धट उत्तरं पुष्कळ ऐकली होती आणि ती ओळखण्याचा मला अभिमान होता. मी आवाज चढवला. "आणि माणसाचं काय केलंस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कोन मानूस?"

"ज्याचे बूट आहेत तो. दोन दिवस झाले, सापडत नाही. बोल."

त्याचा चेहरा पडला आणि तोंड मिटलं. मला वाटलं, आता बरोबर जागी बोट लागलं. पुढचा तासभर तो एक शब्द बोलला नाही. फक्त एकदा पाणी मागितलं.

ओळख पटवायला सुभेदारांच्या पत्नींना बोलावलं. त्या दोन रात्री गावातल्या शाळेच्या बाईंकडे राहत होत्या. टेबलावर बूट पाहताच त्यांनी उजव्या बुटात हात घालून चामड्याचा पट्टा बाहेर काढला. आम्ही माणसाची झडती घेतली होती, बुटांची नाही. पट्टा घट्ट गुंडाळी केलेला, बक्कल वर. डाव्या बुटात चामडी पाकिटातला मोबाईल होता, बंद पडलेला.

"हा पट्टा त्यांनीच गुंडाळलाय," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"चाळीस वर्षं कपाटात असाच सापडतो. एक घडी इकडची तिकडे नाही." मग त्यांनी जमिनीवर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. "लुटणारा माणूस पट्टा असा कशाला ठेवेल, साहेब? आणि याला खाली का बसवलंय?"

मी म्हणालो की चौकशी चालू आहे. या वाक्यानं आमच्या खात्याची अनेकदा लाज राखली आहे. त्या दिवशी राखली नाही.

उत्तर द्यायचं टाळायला म्हणून मी भजीवाल्याचा जबाब लिहायला घेतला.

"किती किंमत सांगत होता?"

भजीवाला हात सदऱ्याला पुसू लागला.

"अरे, विकत होता ना? मग किती म्हणाला?"

"किंमत... किंमत न्हाय सांगितली."

"मग विकत होता कसं म्हणतोस?"

"बूट घेऊन बाजारात फिरतोय म्हंजी विकतोयच ना, साहेब."

शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावलं. त्यांनाही किंमत माहीत नव्हती. मी आयुष्यात चोरीचा माल विकणारे शेकड्यांनी पाहिले. मालाबद्दल ते काहीही लपवतील, पण किंमत पहिल्या वाक्यात सांगतात. आणि हा माणूस चोरीचे बूट काठीला लावून, धुतलेला सदरा घालून, भर बाजारात पोलीस ठाण्यासमोरून दोनदा गेला होता.

तेवढ्यात आमची महिला शिपाई आत आली. ती पेठकडची, याच डोंगरातली. सकाळपासून तिला पॉइंटवर पाठवलं होतं, पाहुण्यांना ओवाळण्याची रंगीत तालीम करायला. शोधकार्य चालू असताना ओवाळण्याची तालीम कुणाला सुचली, ते मी इथं लिहीत नाही.

तिनं काठी पाहिली, बूट पाहिले, आणि त्या माणसासमोर उकिडवी बसली. "काका, फिरवाया आणलं का?"

"हा, बाय," तो दीड तासानं बोलला.

ती माझ्याकडे वळली. "सर, आमच्याकडं सापडलेली वस्तू घरात ठेवत नाहीत. येत्या बाजाराला काठीला लावून उघडी फिरवतात. ज्याची असंल तो खूण सांगतो आन् घेऊन जातो. हे विकत नव्हते. मालक शोधत होते."

"त्येच तर इचारतोय मी." दीड तासापूर्वी त्यानं हेच सांगितलं होतं. मी त्याला उद्धटपणा म्हणून बाजूला ठेवलं होतं.

मी त्याला खुर्ची दिली. फार उशिरा दिली. सुभेदारांच्या पत्नींनी स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "दादा, बूट कसे होते तिथं? म्हणजे ठेवले कसे होते?"

"जोडून. तोंड रानाकडं."

देवाचं रान म्हणजे पठाराच्या पलीकडच्या अंगाची देवराई, पॉइंटपासून बरोबर उलट्या दिशेला. आत चामडं न्यायचं नाही, असा तिथला नेम. बूट नाही, पट्टा नाही, पाकीट नाही. दुर्बिणीलाही चामडी पट्टा होता. नंतर कळलं की वाटेवरच्या एका म्हातारीनं सुभेदारांना हा नेम सांगितला होता, आणि दर आठवड्याला येणाऱ्या शेकडो पर्यटकांपैकी या एका माणसानं तो पाळला होता.

"मग आत जाऊन पाहिलं का नाहीस?" मी विचारलं. या वेळी आवाज खाली होता.

"सांज झालीती. सांजचं आमी आत जात नाय. कडंनं हाका मारल्या. धबधबा लय मोठा, काय ऐकाया येत नाय. म्हटलं, पलीकडून उतरला आसंल. शेरातली मानसं काय काय टाकून जात्यात. काल परत गेलतो. बूट तिथंच. पाऊस आला, भिजतील म्हनून उचलले." तो थांबला. "मानूस हरवलाय ते तुमी सांगितलं तवा कळलं. मंग भ्यालो."

बूट आत जाणाऱ्या माणसाचे होते आणि बाहेर येणाऱ्यानं ते घातले नव्हते. म्हणजे तो आतच होता. हे समजायला ड्रोन लागत नाही.

आम्ही सात जण निघालो. बाई मागं राहायला तयार नव्हत्या. देवराईच्या कडेला तो शेतकरी थांबला, दोन्ही हात जोडून पुटपुटला, आणि आमच्याकडे वळून पाहत राहिला. मग आम्हाला नेम आठवला. आम्ही बूट काढले. पट्टे काढले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत कमावलेला माझा रुबाब त्या पट्ट्यावर किती अवलंबून होता, ते तेव्हा लक्षात आलं. एका हातानं पँट सावरत, अनवाणी, मी त्या माणसाच्या मागून चालू लागलो. तोही अनवाणीच होता. मला वाटलं, रानाच्या नेमामुळे.

इतकी सुंदर जागा मी नाशिक जिल्ह्यात दुसरी पाहिलेली नाही. वर आभाळ दिसत नव्हतं. खोडांवर शेवाळ, वेलींचे दोर, आणि मध्येच कुठंतरी माणसानं वाजवावी तशी शीळ. तो कस्तूर पक्षी. त्याच्याच शिळेमागं सुभेदार आत आले असणार. तो पॉइंट कुणी कशासाठी बांधला, असा प्रश्न मला पडला.

धबधब्याखालच्या खडकाला पाठ लावून सुभेदार बसले होते. शेवाळावरून पाय घसरून घोटा मोडला होता. ओठ निळे पडले होते, पण शुद्ध होती. दोन दिवस झऱ्याचं पाणी पिऊन काढले होते. पाण्याच्या आवाजात आम्ही अगदी समोर येईपर्यंत त्यांना चाहूल लागली नाही.

त्यांनी आधी पत्नीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझे बूट आहेत ना जागेवर?"

"बाजारात फिरून आले," शेतकरी म्हणाला.

बाईंनी माझ्या टेबलावरून परत घेतलेली गोळ्यांची पट्टी काढली. सूर नेहमीचाच होता. "पुढच्या वेळी मी सांगेन तिथंच डबा उघडायचा." सुभेदारांनी मान हलवली. मग त्या पदरानं त्यांचे ओले पाय पुसू लागल्या.

घोंगडीची झोळी करून त्यांना बाहेर आणलं. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर म्हणाले की आणखी एक रात्र गेली असती तर कठीण होतं. त्या शेतकऱ्याला जमिनीवर बसवून घालवलेला दीड तास मी मनातल्या मनात मोजला, आणि पुष्कळांचे आभार मानले. माझं नाव त्या यादीत नव्हतं.

उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं. शोधमोहिमेबद्दल माझा सत्कार झाला, ड्रोनवाल्याचाही झाला. माझ्या भाषणात मी त्या शेतकऱ्याचं आणि महिला शिपायाचं काम सांगितलं, पण माईक तेवढ्यात बंद पडला. विजेचा दोष असावा.

दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली मला एक रबरी चपलांचा जोड दिसला. अंगझडतीत काढून ठेवलेला. चावी आणि तंबाखू आम्ही परत केली होती, चपला घाईत राहून गेल्या. तो माणूस त्या दिवशी ठाण्यापासून देवराईपर्यंत, आणि झोळीचा एक कोपरा खांद्यावर घेऊन परत डांबरी रस्त्यापर्यंत अनवाणी चालला होता. त्यानं त्या मागितल्या नाहीत. पाड्यावर चपला पोचवणं सोपं होतं. शिपाई निघालाही होता. मी त्याला थांबवलं.

पुढच्या सोमवारी मी गणवेशात बाजारात गेलो. चपला काठीला लावल्या, काठी उंच धरली. काय बोलायचं असतं ते महिला शिपायानं शिकवलं होतं. मिरचीवाल्या बाया हसल्या. भजीवाल्यानं मान खाली घातली. एक फेरी झाली, दुसरी अर्धी झाली, आणि सुकटीच्या दुकानाजवळ तो पुढं आला. नवा जोड घेतलेला नव्हता.

"माझ्या हायेत, साहेब."

"खूण सांगा."

"डाव्या पट्ट्याला तांब्याची तार हाय."

होती. मी चपला त्याच्या पायाशी ठेवल्या. "चुकलं माझं," म्हणालो.

त्यानं पाय सरकवले, टाच आपटून बघितली. "लय फिरावं लागलं का?"

"दीड फेरी."

"मंग लवकर गावलो," तो म्हणाला, आणि आपल्या पिशवीकडे वळला.

समोरच्या माणसानं एकदा सांगितलेली गोष्ट ऐकून घ्यायची, एवढंच ते प्रकरण मला शिकवून गेलं. ते शिकायला मला पस्तीस वर्षं लागली. नोकरीत मी मुद्देमाल अनेकदा परत केला, प्रत्येक वेळी पावतीवर सही घेऊन. या जोडाची पावती माझ्याकडे नाही. सुभेदार आणि त्यांच्या पत्नी मात्र दर भाद्रपदात त्या देवराईच्या कडेला जातात, बूट काढून ठेवतात, तोंड बाहेरच्या बाजूला करून. बाईंचा तसा आग्रह आहे.