मोहाखालचं स्तोत्र

मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला ती सकाळ आठवते. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. नवरा पोंभुर्ण्याकडे जंगलखात्यात नाकेदार, आणि गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. उजाडताच बायका मोह वेचायला निघत. अस्वल जवळ येऊ नये म्हणून कुणीतरी सतत आवाज करायचं. मला वाचता येत होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दगडावर बसून मी मोठ्याने बायबलातली स्तोत्रं वाचायचे. त्या वर्षी एका मोहाखाली अस्वलाने आमच्यातलीच एक तरुण बाई मारली. आठवड्याने आम्ही त्याच झाडाखाली गेलो, तर तिची टोपली अजून फांदीला लटकत होती. मी नेमकं स्तुतीचं, आनंदाचं स्तोत्र उघडलं होतं. वाचताना लाज वाटली, मी थांबले. फुलं नीट दिसावीत म्हणून जाळलेल्या पाचोळ्याच्या राखेवर फुलं तेवढी टपटपत राहिली. तेव्हा तिची म्हातारी आई खाली वाकूनच म्हणाली, "काऊन थांबली वं बाई? वाच ना. माही पोरगी आयकून राह्यली." मी वाचलं, शेवटपर्यंत, आणि कसा कोण जाणे, आवाजात आनंद आला. आता घरात मी एकटीच असते, तरी स्तोत्र मोठ्यानेच वाचते. मध्ये थांबायची हिंमत मात्र अजून होत नाही.