मागे नेलेली तारीख

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कुलूपकाका म्हणत. पासवर्ड देता देता त्यांचा चेहराही कुलपासारखाच झाला होता. बायको म्हणायची, "हसायलाही किल्ली लागते का हो?" काकांना त्याचंही काही वाटत नसे.

नकाशांचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं साहेबांच्या जिवावर यायचं. महिनाभर ते फुकट चाले. मुदत संपत आली की मंडळी कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायची आणि तो बापडा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचा. एक दिवस सॉफ्टवेअर कंपनीकडून तपासणीची नोटीस आली आणि साहेबांचं पित्त खवळलं. "कोण करतंय हे? आजच्या आज नाव लेखी द्या!"

काका सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समन बाईंच्या टेबलापाशी गेले. "ताई, उठा जरा."

"माझं नाव देणार, काका?"

"द्यावं लागेल."

बाई उठल्या. काकांनी त्यांच्याच कॉम्प्युटरवर अहवाल टाइप केला, नाव घातलं, छापला, सही ठोकली. छातीत ना धडधड, ना कळ.

वाचता वाचता साहेबांची नजर कागदाच्या कोपऱ्यात अडली. त्या कॉम्प्युटरने आपल्या हिशेबाने तारीख छापली होती, तीन वर्षांपूर्वीची.

"म्हणजे तुम्हाला हे तीन वर्षं माहीत होतं?"

तारीख चुकलीय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. काकांनी चष्मा पुसला.

"हो," ते म्हणाले. "तारीख बरोबर आहे."