जावयानं पाठवलेल्या माश्या

आमच्या घराण्यात आजवर कोणी मासा खाल्लेला नाही, त्यामुळे मासे धरायचं साहित्य घरात आलं तेव्हा ते ठेवायचं कुठं, हाच पहिला प्रश्न होता.

स्वयंपाकघरात सुनंदा (म्हणजे माझी बायको) येऊ देईना. देवघराच्या भिंतीला तर टेकवायचंही नाही. शेवटी शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये, फवारणीच्या पंपाशेजारी जागा मिळाली. शेत हिवरखेडला, घराला लागूनच. त्यात वांगी, मेथी आणि शेवंती. शेती सुनंदाची, सल्ला माझा. (सल्ला कोणी घेत नाही, हा भाग वेगळा.)

साहित्य पाठवलं होतं जावयानं. आमची केतकी आणि जावई निखिल कॅनडात असतात. निखिल मूळचा अमरावतीचा, पण तिकडे जाऊन त्याला माशीनं मासा धरायचा नाद लागला. मी शाळेच्या कारकुनीतून निवृत्त झालो, त्याची भेट म्हणून त्यानं मित्राच्या हाती एक लांबलचक नळकांडं पाठवलं. आत चार तुकडे जोडून होणारी काठी, एक चक्री, हळदीसारखी पिवळी दोरी आणि एक छोटी डबी. सुनंदानं डबी उघडली आणि किंचाळली.

"अवो! जवाईबापूनं मेलेल्या माश्या पाठवल्या!"

मी चष्मा लावून पाहिलं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या नकली माश्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात गळ.

"मासा हिले खरी माशी समजते अन् गिळते," मी समजावलं.

"मंग?"

"मंग आपण त्याले वढून काढायचा."

"अन्?"

"सोडून द्यायचा."

सुनंदानं डबीचं झाकण खाडकन लावलं. "सोडूनच द्यायचा हाय, तं धरायचा काहून?"

मी नळकांडं उचलून शेडकडे निघालो.

निखिलनं व्हिडिओ कॉलवर शिकवणी घेतली. मोबाईल फाटकावर टेकवलेला, मी रिकाम्या वाफ्यात उभा! "बाबा, तुमच्या बाजूला मोठं घड्याळ आहे असं समजा. काठी मागे नेली की दोनवर थांबायचं. दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची. मग पुढे आणून दहावर थांबायचं. मनगट मोडायचं नाही, काखेत वही धरलीय असं समजा. घाई तर अजिबात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी मागे पाहायचं!"

घाई न करणं मला जमण्यासारखं होतं. जन्मभर कारकुनी केली होती.

पण बाकीचं जमेना. पहिल्या दिवशी माशी वांग्याच्या झाडात अडकली. दुसऱ्या दिवशी बुजगावण्याच्या सदऱ्यात. तिसऱ्या दिवशी मेथी खुडत असलेल्या सुनंदाच्या पदरात. (त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.) चौथ्या दिवशी मी अगदी नियमानं काठी दोनवर थांबवली, दोरी मागे सरळ होऊ दिली, आणि ती सरळ होऊन शेजाऱ्याच्या म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यात गेली. म्हैस निघाली. चक्री किरकिरत सुटली. पिवळी दोरी संपेपर्यंत मी शेताच्या धुऱ्यावरून "हो! हो!" करत म्हशीच्या मागे. तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर दोन मोटरसायकलवाले थांबून पाहत होते.

"काका, म्हैस फिरवून राहिले का?"

मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

काठी परत शेडमध्ये गेली. विषय तिथंच संपायचा. पण केतकीचा फोन आला.

मी निवृत्त झाल्यापासून ती दिवसातून दोनदा फोन करायची. "बाबा, करमते ना? बाबा, गप्प गप्प काहून हाय? बाबा, फिराले जात जा ना." पोरगी तिकडं नोकरी करून, घर सांभाळून, वर माझी काळजी करून वाळत चालली होती. आणि खरं सांगायचं तर मला करमत नव्हतंच. पण हे सात समुद्रापलीकडच्या पोरीला कसं सांगायचं?

"बाबा, मासेमारीचं काय झालं?"

"मस्त चालू हाय! आजच दोन धरले."

"खरंच? फोटो पाठवा ना!"

"सोडून देले ना बाई. आपण का खातो?"

बोलून गेलो आणि लक्षात आलं, जगात इतकी सुरक्षित थाप दुसरी नाही! मासा धरला, सोडला, पुरावा पाण्यात. मग मी धरतच सुटलो. सोमवारी तीन, गुरुवारी एक पण मोठा. पावसाळ्यात तर माझा हात असा बसला की विचारू नका. केतकीचा आवाज खुलला. दिवसाचे दोन फोन आठवड्यावर आले. "बाबा रमले," ती सुनंदाला म्हणाली. सुनंदा माझ्याकडे पाहून नुसती भाजी निवडत राहिली.

दोन वर्षांनी हिवाळ्यात दोघं सुट्टीवर आले. अमरावतीहून निखिलचे वडील प्रभाकररावही सोबत. आमचे व्याही म्हणजे निवृत्त इंजिनिअर. गाडीतून उतरले ते हातात कोरी वही घेऊन.

"इवाईबुवा, मले शिकवा! निखिलचं मी ऐकत नाई, अन् तो मले समजून सांगत नाई. तुमी मास्तर मानूस."

"मी कारकून होतो," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"शाळेतलेच ना!"

त्या सकाळी मी शेडमध्ये काठी शोधायला गेलो आणि पंपाजवळ बसूनच राहिलो. पिवळ्या दोरीवर कोळ्यानं जाळं केलं होतं. सुनंदा मागून आली.

"सांगून टाका खरं."

"आता? पोरगी इतक्या दुरून खुशीनं आली अन् तिले सांगू, का तुया बाप दोन वर्षं खोटं बोलला?"

"मंग आता काय करता?"

"मासा धरतो," मी म्हणालो. त्या वाक्यावर माझा स्वतःचासुद्धा विश्वास बसला नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक तलाव आहे. त्याच्या ठेकेदाराची परवानगी निखिलनं आधीच काढली होती. आम्ही पाचही जण काठावर पोचलो. प्रभाकररावांनी वहीत समास आखला, 'धडा पहिला' लिहिलं आणि पेन रोखून माझ्याकडे पाहिलं.

"सगळ्यात पयले," मी भारदस्त आवाजात म्हणालो, "मागं पाहायचं."

मग घड्याळाचे दोन-दहा आणि काखेतली वहीही सांगितली. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मी मागं पाहिलं नाही. माशी बाभळीत!

"हे चुकीचं कसं होते, ते दाखवलं," मी म्हणालो. त्यांनी तेही लिहून घेतलं.

निखिलनं माशी सोडवून दिली. दुसऱ्या फेकीत ती प्रभाकररावांच्या टोपीत घुसली आणि टोपी उडून तलावावर जाऊन बसली. मला घाम फुटला. केतकी काठावरच्या दगडावर बसून कौतुकानं बघत होती, ते तर बघवत नव्हतं. देवा, एक मासा, मी मनात म्हणालो. बोटभर चालेल, मेलेला चालेल!

तिसऱ्यांदा मी सगळा जीव एकवटून काठी मागे नेली, पुढे आणली, आणि दोरी ताणली गेली. गच्च!

"लागला! बाबा, लागला!" निखिल ओरडला. "मोठा दिसतो! सैल सोडा, सैल सोडा!"

मी सैल कसली सोडतो! दोन वर्षांची अब्रू त्या दोरीला लटकलेली. मी जोरात ओढलं आणि मागच्या बाजूनं कोणीतरी मला ढकललं. अजून जोरात ओढलं, अजून जोरात ढकललं.

"अवो, थांबा!" सुनंदा ओरडली. "तुमचाच प्यांट हाय तो!"

गळ माझ्याच बुडावर, खिशाच्या शिवणीत रुतला होता. तोवर माझा पाय घसरला आणि मी टर्रकन आवाज करत गुडघाभर चिखलात बसलो. केतकीनं ओढणी दिली, ती मी कमरेला गुंडाळली. यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही, असं मला वाटलं. (माझा अंदाज आयुष्यात कधी बरोबर आलेला नाही.)

कारण मी चिखल पुसत असताना प्रभाकररावांनी काठी हातात घेतली. वहीत पाहिलं. मागं पाहिलं. काखेत वही दाबली. दोन, थांबले. दहा, थांबले. माशी पाण्यावर अशी उतरली, जशी काही तिथंच जन्मली होती. पाणी डुचमळलं आणि वीतभर चिलापी मासा दोरीला तडफडत बाहेर!

"जमलं! इवाईबुवा, तुमी शिकवलं तसंच केलं बरं!" त्यांनी मासा माझ्यापुढं धरला. "आता सोडायचा कसा, ते दाखवा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी इतके मासे सोडले होते की हिशेब नव्हता. मी आत्मविश्वासानं रुमाल काढला आणि हात कोरडे केले.

"बाबा," निखिल हळूच म्हणाला, "आधी हात ओले करायचे ना? नाहीतर माशाची कातडी खराब होते."

मी मासा पकडला. तो गार होता, गिळगिळीत होता आणि जिवंत होता! तिन्ही गोष्टी मला नवीन होत्या. मी अशी बोंब मारली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मासा हातातून उसळून चिखलात. केतकी धावली. तिनं पाण्यात हात बुडवले, मासा अलगद उचलला, निखिलनं चिमट्यानं गळ काढला आणि तिनं त्याला पाण्यात धरून ठेवलं. शेपूट हलवून तो गेला.

मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. चिखलात, ओढणी गुंडाळलेला मी.

"बाबा, तुमी कधी एक तरी मासा धरला का?"

"नाई."

"मंग दोन वर्षं काय करून राहिले होते?"

"माश्या मारून राहिलो होतो, बाई."

प्रभाकररावांनी वही मिटली.

"मले वाटे, तुमचं मस्त चाललं हाय," केतकी म्हणाली.

"तुले तसंच वाटावं म्हणून तं."

तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती खुदकन हसली. तिनं त्या मासळट हातांनीच माझा चिखलाचा हात धरला, आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

आता प्रभाकरराव दर महिन्याला अमरावतीहून येतात, मासे धरतात आणि सोडतात. "सगळं आमच्या इवायानं शिकवलं," असं गावभर सांगतात. मी त्यांच्या मागे उभा राहतो. मागं कोणी नाही ना, हे बघायला. केतकीचे दिवसातून दोन फोन परत सुरू झालेत, पण आता माझ्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास उरलेला नाही. प्रत्येक गोष्टीला फोटो लागतो. फिरायला गेलो, फोटो. जेवलो, ताटाचा फोटो. परवा म्हणाली, "बीपीची गोळी घेतली? आ करून दाखवा." मी मुकाट्यानं डोळे फाडले, जबडा वासला आणि फोटो पाठवला. तिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला.

पाचच मिनिटांत प्रभाकररावांचा निरोप आला: "वा! मासा मोठा हाय. कोणी धरला?"