सुनंदाताईंचा ओव्हन आणि अण्णांची भाकर

आमच्या पूर्णा गावातल्या घरात दोन गोष्टी कायम साठत जातात. एक रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि दुसरे सुनंदाताईंचे किस्से. बाटल्या कधीतरी भंगारवाला नेतो, किस्से मात्र माझ्याच डोक्यात पडून राहतात! कुणी पाहुणा आला की "तो सॉसचा सांग गं" अशी फर्माईश होते आणि मी सुरू होते.

सुनंदाताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. हाताला चव अशी की विचारू नका. पण नुसत्या वरणभातात त्यांचा जीव रमत नाही. मोबाइलवर कुणी जाम भरताना दिसलं की आमच्याकडं पातेलं चढलंच म्हणून समजा. मी त्यांची असिस्टंट. म्हणजे भांडी माझ्याकडं!

आणि समोर एकटे अण्णा, आमचे सासरे. ताटात पडेल ते अण्णा मुकाट्यानं खातात, बोटं चाटून खातात, वर तांब्याभर पाणी पितात आणि म्हणतात, "हां. आता भाकर आन." चांगलं झालं नाही, वाईट झालं नाही, काही नाही. या घरात आल्यापासून ताईंची एकच इच्छा आहे. आपल्या हातचं काहीतरी खाऊन अण्णांनी एकदा, फक्त एकदा, भाकरी मागू नये!

*

पहिला मान आमरसाचा. आंबे स्वस्त झाले की रस बाटल्यांत भरायचा आणि दिवाळीला उघडायचा, असा ताईंचा बेत. भरलेल्या बाटल्या पाण्यात उकळाव्या लागतात आणि तेवढं मोठं पातेलं घरात नव्हतं. उन्हाळ्यात ऊन पाण्यानं आंघोळ कोण करतो? म्हणून ताईंनी मागच्या चुलीवर आंघोळीचा हंडा चढवला आणि बाटल्या त्यातच सोडल्या.

काढताना एक बाटली रिकामीच निघाली. झाकण आतच सुटलं होतं. ताईंनी ती गुपचूप कपाटामागं सारली आणि हंडा ओतून द्यायचं विसरून गेल्या.

आमचे हे ड्यूटीवरून अंग आंबून आले. हंड्यात ऊन पाणी बघून खूश! मनसोक्त आंघोळ करून, भांग पाडून बाहेर आले आणि मला म्हणाले, "साबण कोणता आणलाय गं? लय भारी वास यायलाय! हाच आणत जा."

उरलेला रस दिवाळीला उघडला तर अगदी झाडावरचा वाटावा असा निघाला. अण्णा दोन वाट्या प्याले आणि त्यांनी भाकरी मागितली.

*

मग टोमॅटो. बाजारात टोमॅटोला कुणी विचारेना, तेव्हा ताईंच्या भावानं शेतातले क्रेटच्या क्रेट आणून टाकले. आम्ही दोघींनी सॉस केला, बाटल्या भरल्या, झाकणं आवळली आणि माजघराच्या फळीवर ओळीनं लावल्या. बाटल्या उकळायच्या मात्र राहिल्या. हंड्याचं प्रकरण अजून विसरलो नव्हतो, त्यामुळं तो विषय ताईंनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

भर मे महिना. दुपारी सगळे आडवे झालेले आणि फळीवरून आवाज आला, ठोऽऽ!

अण्णा ताडकन उठले. "शॉर्टसर्किट! मेन बंद करा, मेन!" म्हणत त्यांनी स्वतःच धावत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे बंद, कूलर बंद. वायरमन येईपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. आम्ही सगळे घामाच्या धारांत बसून राहिलो. ताई माझ्याकडं बघत होत्या, मी भिंतीकडं.

तेवढ्यात पुन्हा, ठोऽऽ!

अण्णा मेन स्विचसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आता करंटच न्हाई, तर फुटायलंय काय?"

*

अण्णांच्या पंचाहत्तरीला ताईंनी तीन मजली केक केला. बारीक मेणबत्त्या मिळाल्या नाहीत, म्हणून लाईट गेल्यावर लावतो ती जाडजूड मेणबत्ती वरच्या मजल्यावर खोचली. सगळे टाळ्या वाजवायला तयार. "अण्णा, फुंका!"

अण्णांनी हात मागं घेतले. "वाढदिवसाला दिवा विझवत्यात का कुठं? खुळे झाले का तुमी?"

सासूबाईंनाही ते पटलं. मग ठरलं की मेणबत्ती आपोआप शांत होऊ द्यायची. वाऱ्यानं मधेच विझू नये म्हणून पंखे बंद. पुन्हा पंखे बंद! पाहुणे निथळत उभे. क्रीम पाघळलं आणि वरचा मजला सावकाश खालच्या मजल्यावर राहायला आला. शेवटी मेणबत्ती संपली तेव्हा मेण कुठलं आणि क्रीम कुठलं, ते ताईंनाही सांगता येईना.

अण्णांनी आपला तुकडा बराच वेळ चघळला. "जरा चिवट वाटायलाय," म्हणाले. आजवर त्यांनी दिलेलं हे पहिलंच मत! "आता भाकर आन."

*

ताईंच्या प्रत्येक केकच्या वेळी लाईट जाते, हा आमच्या गल्लीचा अनुभव आहे. एकदा अर्ध्यातच गेली. केक वरून तयार, आतून पातळ. दिवाळीत आम्ही नानकटाई बेकरीच्या भट्टीवर भाजून आणतो, तर केक का नको? ताईंनी स्कूटी काढली, मी मागं बसले, गरम डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर. प्रत्येक गतिरोधकाला आतून डुबुक आवाज येत होता.

बेकरीवाल्या चाचांनी झाकण उघडलं, केकमध्ये सुरी घातली, काढली आणि हळहळून म्हणाले, "भाभी, इसको भट्टी नक्को, दवाखाना होना!"

*

ताईंचं सगळंच फसतं असं कुणी समजू नये हं. एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाला वाण म्हणून आवळ्याच्या जामच्या छोट्या बाटल्या वाटल्या. पुढच्या वर्षी बायका आल्या त्या पदराखाली रिकाम्या बाटल्या घेऊनच. "वाण ऱ्हाऊ द्या ओ, एवढं भरून द्या!"

*

एवढं झाल्यावर ताईंनी हुकमी पत्ता काढला. ज्वारीच्या पिठाचा केक! गूळ, तूप, वेलची. काय सुरेख फुलला होता! अण्णांनी दोन तुकडे संपवले, तिसरा मागून घेतला. ताई दाराआड श्वास रोखून उभ्या.

"हां. आता भाकर आन."

ताईंचा धीरच सुटला. "अवो अण्णा, भाकरीच्याच पिठाचा हाय तो!"

"मग भाकरच करायची न्हवती का!"

त्या दिवशी ताई रडल्या. मला फार वाईट वाटलं. मी त्या दिवशीची भांडी न कुरकुरता घासली.

*

यंदा अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण. पुरणाचे धोंडे वाढायचे आणि जाळीदार पदार्थाचे तेहतीस नग वाण द्यायचे, बहुतेक घरी अनारसे. आमच्या मंगलवन्संना पालमला दिलंय. त्यांनी आधीच फोनवर बजावलं, "वहिनी, आमच्यात मोजून घेत्यात बरं का! माझी मान खाली जाऊ देऊ नका."

आणि नेमके अनारसे हसले! तुपात सोडला की अनारसा विरघळून भुगा. दुसरं पीठ मुरवायला वेळ नव्हता. ताईंनी कढई उतरवली. "जाळीच पाहिजे ना? केकला काय कमी जाळी असती?"

सासूबाई म्हणाल्या, अण्णांना विचारा. ताईंनी बिनअंड्याचा एक छोटा केक करून मोडून दाखवला. अण्णांनी तुकडा खिडकीच्या उजेडात धरला, उलटसुलट केला. "जाळी हाय," म्हणाले आणि तुकडा तोंडात टाकला. दुसऱ्यासाठी हात पुढं केला, तर सासूबाईंनी ताट ओढून घेतलं. "वाणाचं हाय. हात लावायचा न्हाई."

रविवारी सासूबाईंसमोर मोजून तेहतीस केक पितळी डब्यात भरले आणि देवघरात ठेवले. आम्ही पुरणाच्या घाईत. ताई म्हणाल्या, "अण्णा, तुमी पोथी वाचायलाच हायत तर डब्याकडं बघा जरा. मांजर लय झालंय." अण्णांनी मान हलवली.

जावई जेवले, वर दिवा लावून डबा दिला, गाडी पालमला गेली. सगळं कसं झकास पार पडलं! संध्याकाळी पानं घेतली, सासूबाई अण्णांना भाकरी वाढायला वाकल्या.

"मला भाकर नको आज."

सासूबाईंनी भाकरी तशीच धरून दुसरा हात त्यांच्या कपाळाला लावला. "अंग तर गार हाय."

तेवढ्यात मंगलवन्संचा फोन आला. आवाज रडवेला. "वहिनी, बत्तीसच निघाले! सासूबाईंनी दोनदा मोजले."

ताईंचा चेहरा उतरला. "अगं, आईंसमोर भरलेत!" ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मांजराचं नाव घेतलं. वाण अपुरं राहून कसं चालेल? ताईंनी पदर खोचला आणि ओव्हनचं बटण दाबलं. "एक करून सकाळच्या पालम गाडीनं पाठवते."

अण्णांनी ताटावरून मान वर केली नाही.

"सुनंदा, एक नको करू. दोन कर."