शनिवारचं केळं

आज सकाळी नवऱ्यानं पळता पळता केळं सोललं आणि मागून स्कूटरवर येणारी मी निर्धास्त झाले. मॅरेथॉनचा लांब सराव शनिवारी, त्याचा मारुतीचा कडक उपासही शनिवारी. दर वेळी तो अर्ध्या वाटेत फुटपाथवर बसायचा आणि मी त्याला घरी आणायची.

"उपाशी पळलात तर शर्यत पुरी होणार नाही," शेवटी मी त्याला ज्या आहारतज्ज्ञाकडे नेलं, त्या तरुणीनं गेल्या आठवड्यात त्याला बजावलं.

"संध्याकाळी मारुतीला तेल वाहिल्याशिवाय मी खात नाही."

"काका, मारुतीनं सूर्याकडे झेप घेतली ती फळ समजून खायलाच ना?"

रोज नैवेद्य दाखवणारी माणसं देवालाही भूक लागते हे कशी विसरतात, कोण जाणे.

समोर लालबुंद सूर्य वर आला. नवऱ्यानं पळतच हात जोडले आणि दुसरं केळं काढलं. मी स्कूटर घराकडे वळवली.