माझ्या जागी एलिन

रिक्षा सुरू झाली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. पडेगावच्या घराच्या दारात आई उभी होती आणि तिच्या शेजारी एलिन. एलिनच्या पायात माझ्या चपला होत्या. तिच्या स्वतःच्या बुटांना आमच्या अंगणात शेण लागलं होतं, म्हणून मीच आदल्या दिवशी तिला त्या दिल्या होत्या. निघण्याआधी आई रिक्षाजवळ आली होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "हिला तिखट कितपत चालतंय, ते इचारलं का गं तू?"

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घर सोडून गेले, त्यांना आपण निघाल्यावर दारात राहिलेली रिकामी जागा आठवत असेल. निदान तसं सगळे लिहितात. आमच्या दारात रिकामी जागा नव्हती. मी निघायच्या दोन दिवस आधीच ती भरली होती, आणि भरणारी मीच होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी औरंगाबादच्या विद्यापीठात भूगोलाच्या एम.ए.ला होते. विभागाच्या फळ्यावर एक कागद लागला: स्वीडनच्या एका विद्यापीठाशी विद्यार्थ्यांची अदलाबदल, पाच महिने, जागा एक. त्यांची मुलगी इकडं येणार, आपली तिकडं जाणार, आणि दोघींनी एकमेकींच्या घरी राहायचं. माझ्यापेक्षा जास्त मार्कांची दोन मुलं वर्गात होती. एक वसतिगृहात राहायचा, दुसऱ्याच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं. आमच्या घराला मागं एक स्वतंत्र खोली होती. सरांनी अर्ज वाचून सरळ सांगितलं, "तुझ्या घरच्यांची सही आण, जागा तुझी." म्हणजे मला स्वीडन दाखवलं ते मागच्या खोलीनं. हुशारी त्यानंतर.

सहीला आई तयार नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांना कागदावर शिक्का दिसला की विश्वास बसायचा. आईला शिक्क्याचं कौतुक नव्हतं. तिच्या दोन म्हशी होत्या, छावणीत सात घरी दुधाचा रतीब होता, आणि घरात परकं माणूस नको होतं.

"ती काय खाती, काय पिती, कुणाला ठावं. आन् तिला काय झालं तर?"

"आई, पाच महिने फक्त. तिला माझ्या जागी समज."

हे वाक्य मी सही मिळवण्यासाठी म्हटलं. आईनं ते शब्दाला शब्द धरलं.

तयारी मी एकटीनं केली. एक वही केली होती. पासपोर्टची पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, मार्कलिस्टांच्या प्रती, सरांचं पत्र, एकेका कामापुढं खूण. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून मिलिटरीचा जुना कोट आणला, दोन वेळा धुतला तरी त्याचा डांबरगोळ्यांचा वास जाईना. स्वीडनहून येणाऱ्या एलिनसाठी वेगळं पान होतं: मच्छरदाणी, उकळलेलं पाणी, संडासची कडी नीट करणं. कडी मी स्वतः बसवली. इतकं बारीक बघणारी मी, पण पाच महिन्यांनी कुणाला काय सोडवणार नाही, याचा विचार त्या वहीत कुठंच नव्हता.

स्वीडनमध्ये एलिनच्या आईनं मला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी दाखवल्या: कपडे धुण्याचं मशीन, फ्रीजमधला माझा कप्पा, आणि घराची किल्ली. बाई चांगली होती. कधी आवाज चढवला नाही, कधी उशीर का झाला म्हणून विचारलं नाही. "तू इथं मोकळी आहेस," असं ती दर आठवड्याला म्हणायची. मी इतकी मोकळी होते की ताप आला तेव्हा दोन दिवस कुणाला कळलं नाही. अदलाबदल म्हणतात ती अशी झाली: एलिनला माझी आई मिळाली, मला तिच्या घराची किल्ली.

घरून दादांची पत्रं यायची. आईला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि दादा लिहायचे. पत्रात वरच्या दोन ओळी माझ्या, "प्रकृतीस जपणे" वगैरे. बाकी सगळं एलिन. एलिन भाकरी थापते, पण ती गोल होत नाही, नकाशासारखी होते. आईनं एलिनला कुरडयांचा चीक हलवायला बसवलं, तिचा हात भाजला, आईनं तिला "येडी" म्हटलं. आता एलिन गल्लीतल्या सगळ्यांना येडी म्हणते. उन्हाळ्यात दोघी गच्चीवर झोपतात आणि आई तिला ताऱ्यांची नावं सांगते. माझ्या आईला ताऱ्यांची नावं येतात हे मला त्या पत्रातून कळलं. भूगोलाची विद्यार्थिनी मी.

आणि मग चंद्रीचं पत्र आलं. चंद्री ही थोरली म्हैस. आईशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. दादा बसले तर बादलीला लाथ, मी बसले तर दूध वर चढवून शांत उभी. मी दोनदाच बसले होते. तिसऱ्यांदा आईनं उठवलं, "तू पुस्तक धर. शेणात हात घालायला तुला शिकवलं नाय." एप्रिलमध्ये आई तापानं पडली. सात घरचा रतीब. एलिननं आईचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला, आईला बाजेवरून ओरडायला लावलं आणि चंद्रीखाली बसली. दादांनी लिहिलं होतं, "चंद्रीने पान्हा सोडला. आई ताप विसरून हसली."

मी ते पत्र पाच-सहा वेळा वाचलं. मला आनंद झाला असं इथं लिहिलं तर ते खोटं होईल. मला त्या म्हशीचा राग आला. मग एलिनचा. माझ्या आईचा ताप, माझी म्हैस, माझं घर, आणि मी दोन डिग्री सेल्सिअसमध्ये फ्रीजच्या माझ्या कप्प्यात दह्याचा डबा ठेवत होते.

जूनमध्ये परतायचं होतं. मे महिन्यात तिथल्या विद्यापीठानं मला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जागा देऊ केली, शिष्यवृत्तीसह. मी घरी पत्र लिहिलं, "राहू का?" त्या दोन शब्दांमागं माझी इच्छा काय होती, हे मला नीट ठाऊक होतं. आईनं म्हणावं, नको, ये. एकदा म्हटलं असतं तर मी मिलिटरीचा कोट तिथंच टाकून आले असते. दादांचं उत्तर आलं: "आई म्हणते, रहा. इथे काही अडत नाही."

अडणार कसं? चंद्रीनंही पान्हा सोडला होता.

मी राहिले. पुढं तिथंच नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी लागली. नांदेडचा एक इंजिनीअर भेटला, त्याच्याशी लग्न झालं, दोन मुलं झाली. घरातल्या भाषेची खिचडी झाली. मुलं स्वीडिशमध्ये भांडतात, मराठीत जेवायला मागतात. मी रद्दी निवडून वेगवेगळ्या डब्यांत टाकते आणि बसची वेळ चुकली तर माफी मागते. पासपोर्टवर जन्मगाव अजून औरंगाबाद आहे, चुलतभाऊ फोनवर संभाजीनगर म्हणतो, आणि आईसाठी ते पहिल्यापासून नुसतं 'शहर' आहे.

एलिन जूनमध्ये परतली आणि शाळेत शिक्षिका झाली. माझ्यापासून तीन तासांवर राहते. पण भारतात ती माझ्यापेक्षा जास्त जाते. तिला शाळेच्या सुट्ट्या असतात, मला नसतात, हे मी लोकांना सांगते ते कारण. दुसरं असं की, ती तिथं असताना मी जाणं टाळते.

एका वर्षी अधिक श्रावण आला. आमच्याकडं अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, जावयाला अनारशांचं वाण देतात. आईनं आम्हाला बोलावलं होतं. त्या वर्षी माझी रजा मंजूर झाली नाही. एलिन तेव्हा नवऱ्याला घेऊन गेली होती. आईनं त्या सहा फुटी माणसाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तेहतीस अनारसे दिले. फोटो आला. माझा नवरा तो बघून म्हणाला, "त्या गड्यानं माझे अनारसे खाल्ले." तो हसला. मी फोटो कपाटात ठेवला, समोर नाही.

गेल्या वर्षी मी एकटी गेले. दादा जाऊन बराच काळ झाला. म्हशी नाहीत. आईचे गुडघे गेलेत. शेजारी चुलतभाऊ राहतो, तो लक्ष ठेवतो. आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी विचारून टाकलं.

"आई, मी पत्रात विचारलं होतं, राहू का. तू नको का नाही म्हणालीस?"

"कवा?"

"पहिल्या वर्षी."

"तुझं ठरलं व्हतं की."

"नव्हतं ठरलं."

"मग इचारलं कशाला? ठरल्याबिगर तू कधी इचारलंय व्हय मला? सही पायजे म्हनलीस, तवा बी ठरलेलंच व्हतं."

अर्धवट सोडायची मला सवय नाही.

"आणि एलिन? तिला तू माझ्याहून जवळ केलंस."

आईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "शोभे, तुला चौथीपासून समदं येत व्हतं. मी शेजारी येऊन बसले की तू पुस्तक मिटायचीस. मला वाटायचं, म्या मधीच आले. त्या पोरीला काय बी येत नव्हतं. भाकर नाय, भाषा नाय, केस इंचरता येत नव्हते. मला लई बरं वाटलं. कुनाला तरी चार गोष्टी सांगता आल्या." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "जळतीस व्हय तिच्यावर?"

"हो."

"जळ मग. पर आधी चहा ठेव."

मी चहा ठेवला. मी पुस्तक आदरानं मिटायची. आईनं ते दार लावल्यासारखं पाहिलं होतं. तीस वर्षं मी एलिनला चोर समजत आले. तिनं घेतलं ते मी कधी मागितलंच नव्हतं.

यानं मत्सर गेला असं समजू नका. तो आहे. फक्त आता मला त्याचा पत्ता ठाऊक आहे.

परत आल्यावर मी तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला, पण तो देण्याआधी आईला फोन केला. आजवर मी घरी तारखा कळवत आले होते. या वेळी विचारलं, "दिवाळीनंतर तीन महिने येऊन राहू का? तू नको म्हणालीस तर अर्ज देत नाही."

आई म्हणाली, "ये. पर पाव्हनी म्हनून नगं. सकाळी माझ्या गुडघ्याला पट्टी बांधायची असती, पुतन्याला ती जमत नाय. तुला करावं लागंल."

"करीन. कशी बांधायची?"

"ते एलिनला इचार. तिला येतंय."

घर म्हणजे काय असं आता मला कुणी विचारलं, तर मी सांगीन: जिथं आपल्या नावावर एखादं काम आहे, ती जागा. माझ्या नावावर पडेगावात तीस वर्षांत पहिल्यांदा एक काम लागलं, आणि त्याची रीत शिकायला मला एलिनला फोन करावा लागणार होता. दोन दिवस मी तो केला नाही. तिसऱ्या दिवशी केला.

एलिननं नीट सांगितलं, शिक्षिकेसारखं. आधी तेल, कोमट. पट्टी गुडघ्याच्या खालून सुरू करायची, वाटी मोकळी सोडायची, वर दोन वेढे. घट्ट करताना आईशी बोलत राहायचं, म्हणजे ती पाय ओढून घेत नाही. मी एकेक ओळ लिहून घेतली. शेवटी ती म्हणाली, आणखी काही विचारायचं आहे का?

काय बोलत राहायचं, ते मला माहीत नव्हतं. तेवढं मी तिला विचारलं नाही.